डोक्याची आग आणि तेलाची मर्यादा

शाळेच्या स्मरणिकेत शिक्षण, शिस्त आणि संस्कार यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. डोक्याला लावावयाच्या तेलासारखा साधा विषय सहसा कोणी निवडत नाही. परंतु जेथे शेकडो मुले-मुली एका छताखाली राहतात, तेथे डोक्याची खाज, आग आणि खपल्या हा नित्याचा प्रश्न असतो. खाजेने मूल रात्री जागते, वर्गात अस्वस्थ राहते आणि सोबत्यांच्या थट्टेचा विषय होते. घरून मात्र एकच सल्ला येतो : ‘तेल लाव, बरे वाटेल.’ हा सल्ला कोठे खरा ठरतो आणि कोठे अपुरा पडतो, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

डोक्याची त्वचा ही शरीराच्या इतर त्वचेसारखीच एक भिंत आहे. पेशी या तिच्या विटा, तर पेशींमधील स्निग्ध द्रव्ये हा तिचा गिलावा. त्वचेतील ग्रंथी नैसर्गिक तेल स्रवतात आणि त्यामुळे आतील ओलावा टिकून राहतो. कपड्याच्या साबणाने केस धुणे, विंधन विहिरीचे जड पाणी, अंघोळीचे फार गरम पाणी आणि हिवाळ्यातील कोरडी हवा यांनी हा गिलावा निघून जातो. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही आणि त्याचा पांढरा थर केसांच्या मुळाशी बसतो. मग त्वचा ताणल्यासारखी वाटते, चुरचुरते आणि बारीक कोरडा भुसा पडू लागतो. या अवस्थेत तेल खरोखर उपयोगी पडते. ते त्वचेवर पातळ थर धरते, ओलावा उडू देत नाही आणि खपल्या मऊ करते.

सर्व तेले मात्र सारखी नसतात. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. हे तेल केसाच्या आत शिरते आणि धुण्याने होणारी केसांची झीज कमी करते. त्वचेलाही ते बहुधा सोसते. साधारण २४ अंशांखाली ते गोठते, म्हणून थंडीत बाटली कोमट पाण्यात ठेवावी, विस्तवावर धरू नये. सोलापूर आणि मराठवाड्याच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलेल्या करडईच्या पारंपरिक वाणांचे तेल लिनोलिक आम्लाने समृद्ध असते. त्वचेची भिंत बांधण्यास हेच आम्ल लागते. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलाचाही हाच गुण आहे. तिळाच्या तेलात लिनोलिक आणि ओलेइक ही दोन्ही आम्ले साधारण सारख्या प्रमाणात असतात. याउलट मोहरीचे तेल तिखट असते. आधीच लाल झालेल्या त्वचेची आग ते वाढवते. महाग म्हणून प्रतिष्ठा पावलेल्या ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल फार असल्याने तेही दुखऱ्या त्वचेस योग्य नाही. एरंडेल अतिशय चिकट असते आणि लांब केसांचा त्याने गुंता होतो.

कडुनिंब आणि करंज यांच्या तेलांवर आपल्या लोकांचा मोठा विश्वास आहे. ही तेले उग्र आहेत. ती तशीच लावू नयेत, खोबरेलात थोडी मिसळूनच लावावीत. कडुनिंबाचे तेल लहान मुलांच्या पोटात गेल्याने विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकाला माहीत आहेत, म्हणून ते मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये. कोणतेही नवे तेल आधी कोपराच्या आतील बाजूस थोडे लावावे आणि दोन दिवस वाट पाहावी. तेथे लाली किंवा पुरळ न आल्यासच ते डोक्याला लावावे. लहान चमचाभर तेल बोटांच्या अग्रांनी हळुवार लावावे, नखांनी खाजवू नये. तासाभराने सौम्य शाम्पूने किंवा शिकेकाईने केस धुवावेत. जखम, पू किंवा चिघळलेला भाग असल्यास त्यावर तेल लावू नये.

डोक्याला तेल लावण्याची ही रीत फार जुनी आहे. विनयपिटकातील महावग्गात औषधांविषयीचे ‘भेसज्जक्खंधक’ हे प्रकरण आहे. त्यात तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे भिक्षूंना अनुज्ञात केलेली आढळतात. पिलिंदवच्छ या भिक्षूचे डोके तापत असे, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला डोक्यावर तेल लावण्याची अनुमती दिली. तेवढ्याने गुण आला नाही, तेव्हा नाकात औषध सोडण्याची आणि त्यानेही भागले नाही, तेव्हा औषधी धूर घेण्याची अनुमती दिली. त्याचे दुखणे आणि आपल्या मुलांचे दुखणे एक नव्हे. तरीही त्या कथेचा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. उपाय लागू पडतो की नाही हे पाहिले गेले आणि लागू पडला नाही तेव्हा पुढचा शोधला गेला. तेलाचा आग्रह धरून रुग्णाला ताटकळत ठेवले गेले नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत असा आग्रह तीन ठिकाणी घातक ठरतो. पहिले ठिकाण म्हणजे तेलकट, पिवळसर कोंडा. प्रत्येकाच्या डोक्यावर मॅलेसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी असते. ती स्निग्ध पदार्थांवरच जगते आणि त्यांतून त्वचेला डिवचणारी आम्ले मोकळी करते. अशा डोक्यावर रोज तेल थापणे म्हणजे त्या बुरशीला जेवू घालणे होय. येथे तेल थांबवून कीटोकोनॅझोलसारखे औषध असलेला शाम्पू डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावा. तो लावून तीन ते पाच मिनिटे ठेवावा आणि मग धुवावा.

दुसरे ठिकाण उवांचे. उवा उडत नाहीत व उड्याही मारत नाहीत. त्या डोक्याला डोके लागून पसरतात. तेलाने त्यांची चाल मंदावते आणि बारीक फणीने त्या काढणे सोपे जाते, पण लिखा उरतातच. लिखांतून सात ते दहा दिवसांत नव्या उवा निघतात, म्हणून एकदा केलेला उपचार त्या अवधीनंतर पुन्हा करावा लागतो. खोलीतील सर्व मुलांची तपासणी एकाच दिवशी व्हावी. रॉकेल मात्र कदापि लावू नये. त्याने त्वचा भाजते आणि पेट घेण्याचा धोका असतो.

तिसरे आणि सर्वांत दुर्लक्षित ठिकाण डोक्यावरील गजकर्णाचे. केस मुळाशी तुटून गोल चकती दिसते, खपल्या धरतात, कधी गळवासारखी सूजही येते. ही बुरशी केसाच्या मुळात असते, तेल किंवा मलम तेथपर्यंत पोहोचत नाही. कित्येक आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज दोन दिवस थांबते आणि रोग आतून पसरतो. उपचार लांबल्यास त्या जागी केस कायमचे जाऊ शकतात.

या साऱ्यापेक्षा अधिक खोल जखम शब्दांची असते. खाजवणाऱ्या मुलाला ‘घाणेरडा’ म्हटले जाते, मुलीचे केस तिला न विचारता कापले जातात. वास्तविक उवा स्वच्छ डोक्यातही होतात आणि कोंड्याचा अस्वच्छतेशी थेट संबंध नाही. ज्या समाजाला पाणवठ्यापासून दूर ठेवून वर अस्वच्छ ठरवले गेले, त्या समाजाच्या लेकरांना निदान आपल्या वसतिगृहात तरी हा शब्द ऐकावा लागू नये. दुखणे लपवावेसे वाटू लागले की मूल ते सांगत नाही आणि उपचार महिनाभर लांबतो.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. सुट्टीनंतर पाल्याला पोहोचविताना पेटीत खोबरेल तेलाची लहान बाटली, स्वतःची फणी, स्वतंत्र पंचा आणि अंगाचा साबण अवश्य द्यावा. फणी, टोपी आणि उशी यांची देवाणघेवाण करू नये, हे घरीच समजावून सांगावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वैद्यकीय सेवेत आहेत, त्यांनी वर्षातून दोनदा येऊन मुलांची डोकी तपासली, तर ती मोठीच मदत होईल. कोरड्या डोक्याला तेल जरूर लावावे. दोन आठवड्यांत आराम पडला नाही, किंवा केस तुटून चकती दिसली, पू आला, मानेला गाठी आल्या अथवा ताप आला, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून मुलाला त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.