भट्टीच्या वाटेवरचे व्हॅक्यूम क्लीनर

घरातले यंत्र बिघडले की आधी माळ्यावर जाते आणि एखाद्या दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याच्या हातगाड्यावर. तो ते किलोवर घेतो, मोटार फोडून तांबे वेगळे काढतो आणि लोखंड-पत्रा पुढे विकतो. भंगार लोखंडाच्या या वाटेवरचे मोठे ठिकाण म्हणजे जालना. येथील औद्योगिक वसाहतीतल्या इंडक्शन भट्ट्या भंगार वितळवून बिलेट म्हणजे पोलादाचे लांबट ठोकळे ओततात, रोलिंग मिल त्यांच्या सळया करतात. पोलादाचा जिल्हा ही जालन्याची ओळख सार्थच आहे. पण सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला पोलाद पातळ झाले की धातू तेवढा उरतो. यंत्राची घडण आणि तिच्यामागची युक्ती कायमची जाते. जुनी यंत्रे जमवणारे त्याआधीच हात घालतात.

जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचा छंद त्यातलाच. या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. १९०१ मध्ये इंग्रज अभियंता ह्युबर्ट सेसिल बूथ याने हवेने धूळ ओढणारे यंत्र केले. ते घोडागाडीवरून नेत आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडत. घरात मावणारे यंत्र अमेरिकेतील ओहायो राज्यात जेम्स मरी स्पँगलर याने बनवले. तो एका दुकानात झाडलोट करी आणि उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा बळावे. पंख्याची मोटार, लाकडी खोके, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा एवढ्या सामानातून त्याने ते जुळवले. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले. पुढे ते हूव्हर नावाच्या उद्योजकाने विकत घेतले.

मराठवाड्यात फरशी झाडायला केरसुणी पुरे आणि जाड गालिचे मोजक्याच घरी, त्यामुळे हे यंत्र उशिरा आले. १९८२ मध्ये फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्स ही कंपनी निघाली. तिचे विक्रेते दारोदार जाऊन युरोक्लीन हा व्हॅक्यूम क्लीनर चालवून दाखवत. मराठी संग्राहकाला घराघरांत शोधता येईल असे यंत्र हेच. परदेशी दुर्मीळ नमुन्यांच्या मागे धावण्याआधी ते जपणे जास्त मोलाचे.

मिळालेले यंत्र लगेच प्लगला लावू नये. जुन्या वायरीवरचे रबर कडक होऊन तडकलेले असते. अमेरिकेतून आणलेले यंत्र तिथल्या सुमारे ११० व्होल्टचे असते. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ते जळते, म्हणून ट्रान्सफॉर्मर लागतो. मोटार उघडली की तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर दिसतो, बहुधा कोळशाच्या भुकटीने काळवंडलेला. त्यावर घासणारे दोन कार्बन ब्रश झिजून आखूड झाले की ठिणग्या उडतात आणि यंत्र भरकन ताकद गमावते. अनेकदा बिघाड एवढाच असतो. ब्रश बदलणे मोटार वाइंडिंगवाल्याच्या हातचे काम आहे. वीजजोडणीही त्याच्याकडूनच तपासून घ्यावी.

हा छंद एकट्याने फार पुढे जात नाही, कारण सुटे भाग आणि माहिती दुसऱ्याच्या घरी सापडतात. अमेरिकेत १९८३ पासून अशा संग्राहकांचा क्लब आहे, आणि मिझुरीतील सेंट जेम्स गावी या यंत्रांचे संग्रहालयही उभे राहिले. महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. अडकित्त्याला जे स्थान मिळाले, ते विजेवरच्या घरगुती यंत्रालाही मिळायला हवे.

म्हणून माळ्यावरचे जुने यंत्र भंगारात देण्याआधी त्याच्या पाठीवरची पट्टी वाचावी, फोटो काढावा आणि ते कोणी, कधी, केवढ्याला घेतले हे घरातल्या थोरांना विचारून लिहून ठेवावे.