चार कप्प्यांची पेटी : धंद्याची माहिती जपताना



आम्ही तिघी मिळून तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवतो. दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत आमची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क टक टक आवाज करू लागली आणि दुसऱ्या दिवशी उघडेचना. एका घरच्या हळदीचे सगळे फोटो त्यातच होते. पैसे आम्ही परत केले. पण हळद काही पुन्हा लावता येत नाही. त्यानंतर आम्ही जे शिकलो, ते आज सांगणार आहोत. तुमचं शिलाईचं काम असो, मसाल्याचा धंदा असो की हिशेबाचं ऑफिस, डिझाइनं, बिलं, गिऱ्हाइकांच्या याद्या तुमच्याही संगणकात असतातच.

पहिली गोष्ट, डिस्क ही झिजणारी वस्तू आहे. ती कधीतरी बंद पडणारच. म्हणून एका डिस्कवर विसंबायचं नाही, तीन-चार डिस्क एका पेटीत एकत्र बांधायच्या. या पेटीला नॅस म्हणतात. ती तारेने आपल्या राउटरला जोडली की दुकानातले सगळे संगणक तिच्यात काम ठेवू शकतात. डिस्क बांधण्याच्या रीतीला रेड म्हणतात. लाल रंग नव्हे, आर-ए-आय-डी. १९८८ साली अमेरिकेत बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी ही कल्पना मांडली : एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र आणायच्या. आपल्या बचत गटासारखंच.

आता या रीती कशा चालतात ते पाहू. दोन डिस्क असतील तर दोन्हींवर एकच मजकूर लिहिला जातो. हे रेड १. एक गेली तरी दुसरी आहे. ८ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या, तर वापरायला ८ टीबीच मिळतात.

रेड ५ समजायला बचत गटाची वही घ्या. तिघींची बचत ३००, २०० आणि ५०० रुपये. चौथ्या पानावर बेरीज, १०००. मधलं पान फाटलं तर? १००० मधून उरलेले ८०० वजा केले की २०० सापडले. संगणकाची आकडेमोड थोडी वेगळी असते, आणि ती बेरीज एकाच डिस्कवर न राहता सगळ्यांवर वाटलेली असते, पण तत्त्व हेच. ८ टीबीच्या चार डिस्कमध्ये २४ टीबी मिळतात, एका डिस्कइतकी जागा बेरजेला जाते. मात्र दोन पानं एकदम फाटली तर हिशेब लागत नाही. दोन डिस्क गेल्या तरी चालावं असं वाटत असेल तर रेड ६, त्यात चार डिस्कमध्ये १६ टीबीच उरतात.

किती मोठी पेटी घ्यायची? आधी आपल्या कामाचं माप काढा. आमच्याकडे एका लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ मिळून साधारण १५० जीबी होतात. वर्षाला ४० लग्नं धरली तर ६ टीबी. म्हणून आम्ही पेटी चार कप्प्यांची घेतली, पण सुरुवातीला डिस्क दोनच. पुढे तिसरी घातली की रेड १ चं रेड ५ करता येतं का, हे दुकानदाराला आधीच विचारलं. सगळ्या पेट्यांत ते जमत नाही. अशी वाढ करायला एक-दोन दिवसही लागतात, म्हणून त्याआधी बाहेर प्रत काढून ठेवायचीच. साध्या रेडमध्ये सगळ्यात लहान डिस्कचं माप सगळ्यांना लागू होतं. तीन ८ च्या आणि एक ४ ची घातली, तर चारही ४ च्याच धरल्या जातात. आणि डिस्क घेताना ती सीएमआर पद्धतीची आहे ना, हे विचारा. एसएमआर पद्धतीच्या डिस्क नव्याने भरताना फार रेंगाळतात.

लोडशेडिंग आपल्याला नवं नाही. पेटीला यूपीएस हवाच, आणि यूपीएसची यूएसबी तार पेटीला जोडायची, म्हणजे बॅटरी संपत आली की पेटी स्वतः नीट बंद होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खरं काम ठेवण्याआधी पेटीची परीक्षा घ्या. आम्ही तीन परीक्षा घेतल्या. पहिली वेगाची : एका लग्नाचा फोल्डर पेटीत टाकायला तब्बल पावणेचार तास लागले. शोधल्यावर कळलं, मधला स्विच जुना, १०० मेगाबिटचा होता. तो बदलून गिगाबिटचा घातला, तेव्हा हेच काम २३ मिनिटांत झालं. दुसरी : पेटी चालू असतानाच एक डिस्क बाहेर ओढली. हे करण्यापूर्वी मात्र आपल्या पेटीत तसं चालतं ना, हे पाहून घ्या. पेटीने शिट्टी मारली, फोनवर निरोप आला, आणि फोटो उघडत राहिले. मग डिस्क परत घालून ती भरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवलं. ८ टीबीला निदान अर्धा दिवस लागतो, आणि काम चालू असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. तेवढा वेळ आपण दुसऱ्या डिस्कच्या भरवशावर असतो, म्हणून एक कोरी डिस्क कपाटात ठेवलेली बरी.

तिसरी परीक्षा बाहेरच्या प्रतीची. कारण पेटी म्हणजे प्रत नव्हे. चुकून फोल्डर पुसला तर तो चारही डिस्कवरून पुसला जातो. चोरी झाली, पाणी शिरलं, व्हायरसने कुलूप घातलं, तर रेड काहीच करू शकत नाही. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुकानाबाहेर. आमची बाहेरची डिस्क आमच्यातल्या एकीच्या घरी असते, दर सोमवारी येते, भरून परत जाते. महिन्यातून एकदा तिच्यातला एखादा फोल्डर उघडून पाहतो. उघडून न पाहिलेली प्रत असून नसल्यासारखीच.

गेल्या उन्हाळ्यात पेटीतली एक डिस्क खरोखरच गेली. दुपारी शिट्टी वाजली, कपाटातली कोरी डिस्क घातली आणि आम्ही पुढच्या लग्नाला निघालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती भरून झाली होती. एकही फोटो गेला नाही.

तर मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एवढंच करा : आपल्या धंद्याची माहिती नेमकी किती ठिकाणी आहे, ते मोजा. उत्तर ‘एका’ असं आलं, तर उद्याच एक प्रत काढा. पेटी सावकाश घेता येईल.