वाळूच्या कणावर राखेचं कवच कसं चढतं?

मागच्या वेळी आपण वायूकरण पाहिलं. लाकूड पुरेशा ऑक्सिजनशिवाय तापवलं की त्यातून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड असे वायू निघतात. आज आपण लाकडाकडे नाही, तर ज्या तापलेल्या वाळूत ते पडतं तिच्याकडे बघू या.

ऑस्ट्रियातल्या ग्युसिंग इथे 2002 च्या सुमारास 8 मेगावॉटचा असा प्रकल्प सुरू झाला. अशा प्रकल्पात सुमारे 850 अंश सेल्सिअसला वाफेच्या झोतावर वाळू उकळत्या आमटीसारखी घुसळत असते. मग ती शेजारच्या भट्टीत जाते, तिथे उरलेला कोळसा जळतो, आणि तापलेली वाळू परत येते. प्रत्येक फेरीत तिला राख भेटते.

वाळू साध्या क्वार्ट्झची असेल तर काय होतं? क्वार्ट्झ एकटं वितळायला सुमारे 1700 अंश लागतात. पण राखेतलं पोटॅशियम त्याला मिळालं की काही मिश्रणं 800 अंशांच्या आतच वितळतात. संक्रांतीचा हलवा आठवा. पाक थेंबाथेंबाने सोडला तर दाण्यावर काटा येतो, एकदम ओतला तर सगळ्याचा गोळा! इथेही कण एकमेकांना चिकटतात, घुसळण थांबते आणि प्रकल्प बंद करावा लागतो.

म्हणून ग्युसिंगला ऑलिव्हिन वापरलं. त्यातली सिलिका आधीच मॅग्नेशियमशी बांधलेली असते, पोटॅशियमच्या हाती सहज लागत नाही. त्याऐवजी राखेतलं कॅल्शियम कणात शिरतं आणि मॅग्नेशियमला बाहेर ढकलतं. म्हणजे हलव्याची उपमा इथे अर्धीच लागू पडते: हा थर नुसता वरून बसत नाही, कणाचा पृष्ठभागच बदलतो. आणि तो चिकटही नसतो.

खरी गंमत पुढे आहे. वायूबरोबर टार निघतं, ते थंड होताच नळ्यांत साचतं. कॅल्शियमचा हा थर वाफेच्या मदतीने टार मोडायला हातभार लावतो. त्यामुळे कोऱ्या वाळूपेक्षा मुरलेली वाळू चांगली, आणि ती फेकून न देता परत वापरणं शहाणपणाचं.

कोऱ्या वाळूने सुरुवात करणाऱ्यांना हे महागात पडतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गोबिगॅस प्रकल्पात सुरुवातीला टार फारच निघत होतं. तिथे उपाय म्हणून पोटॅशियम कार्बोनेट घातलं गेलं, आणि टार आटोक्यात आलं. क्वार्ट्झच्या भट्टीत ज्याला आपण दारातही उभं करणार नाही, तेच पोटॅशियम!