अंतर पावणेतीन किलोमीटर, वेळ दोन मिनिटे

अंतराला वेगाने भागले की प्रवासाची वेळ निघते, असा हिशेब व्यापारी माणूस सहज करतो. रेल्वे आणि ट्रकच्या बाबतीत तो बऱ्यापैकी जुळतो. छोट्या, दूरच्या विमानतळांच्या बाबतीत मात्र तो हमखास चुकतो. तो का चुकतो, हे आम्ही दोन उदाहरणांनी सांगणार आहोत.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटे आहेत. त्यांतील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमध्ये लोगनएअर कंपनीने १९६७ साली विमानसेवा सुरू केली. अंतर अवघे २.७ किलोमीटर. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीच सुमारे ३.४ किलोमीटर आहे! जगातील ही सर्वांत छोटी नियमित विमानफेरी. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण असे प्रवासी तिने ये-जा करतात.

येथील आयलंडर विमान आठ प्रवासी नेते आणि ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने उडते. भागाकार केला तर चाळीस सेकंद येतात. वेळापत्रकात मात्र दोन मिनिटे असतात, म्हणजे तिप्पट. वारा अनुकूल असताना ५३ सेकंदांचा विक्रम झाला आहे, पण तो विक्रमच. धावपट्टीवर वेग घेणे, वर चढणे, वळणे, वेग कमी करून उतरणे, हा वेळ अंतर कितीही असले तरी लागतोच.

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. कोची ते लक्षद्वीपमधील अगत्ती हे हवाई अंतर सुमारे ४६० किलोमीटर आहे. एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडते. भागाकाराने ५५ मिनिटे येतात, प्रत्यक्षात सव्वा तासाहून अधिक लागतो. म्हणजे ठरावीक वेळ येथेही आहेच, पण अंतर वाढल्याने त्याचा वाटा कमी झाला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वैमानिकांचे अंतर सागरी मैलांत असते आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. कोची-अगत्तीचे २४८ मैल किलोमीटर समजून वाचले, तर अंतर जवळजवळ निम्मेच वाटेल.

खर्चाचेही असेच आहे. चढताना इंधन जास्त जळते आणि उतरण्याचे शुल्क छोट्या फेरीलाही भरावे लागते. अगत्तीची धावपट्टी सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. अशा आखूड पट्टीवरून विमानाला पूर्ण भार घेता येत नाही, म्हणून प्रत्येक आसन महाग पडते. त्यामुळेच अशा मार्गांना सरकारी मदत लागते. ऑर्कनीत ती स्थानिक कौन्सिल देते. भारतात २०१६ साली उडान योजना आली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिच्या पहिल्या फेऱ्या झाल्या, त्यांत नांदेड-हैदराबादही होती. तासाभराच्या प्रवासाच्या ठरावीक आसनांना अडीच हजार रुपयांची मर्यादा त्या वेळी घालण्यात आली.

व्यापारी बांधवांनी म्हणून नकाशावरचे अंतर पाहून सौदा ठरवू नये. घरापासून विमानतळ, तेथील थांबा, उड्डाण आणि उतरल्यावरचा रस्ता, अशी सारी बेरीज करावी. मार्ग डोंगरी रस्त्याचा किंवा समुद्राचा असेल, तर विमानच स्वस्त पडेल. अगत्तीला जहाजाने जायला रात्रभराहून अधिक वेळ लागतो. नाशवंत मालाला आणि आजारी माणसाला तेवढी सवड नसते. रस्ता चांगला आणि अंतर दोनशे किलोमीटरच्या आत असेल, तर मात्र मोटारच बरी, असे आमचे मत आहे.