घरबसल्या शिकताना : लेखांक ४
व्हिडिओ थांबवा, वही उघडा

मागच्या लेखांकात आपण अभ्यासाची जागा आणि वेळ ठरवली. आज त्या जागी बसल्यावर काय करायचं ते पाहू, कारण मुलं अडतात ती इथंच. मुलगी रोज दोन तास हेडफोन लावून बसते, आठवड्याचे सगळे व्हिडिओ संपवते, आणि असाइनमेंट उघडली की पहिल्याच प्रश्नाला अडखळते. घरच्यांना वाटतं, हिचं लक्ष नव्हतं. तिला वाटतं, हा विषय आपल्याला झेपणारा नाही. माझ्या मते बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकतो. तिनं मन लावून व्हिडिओ पाहिलेले असतात, फक्त पाहण्यापलीकडे काही केलेलं नसतं.

एक व्हिडिओ जवळून पाहू. विषय संख्याशास्त्र, पाठ प्रमाण विचलनाचा. सर स्क्रीनवर तीन संख्या लिहितात : ४, ६, ८. सरासरी ६. प्रत्येक संख्येतून सरासरी वजा केली की येतात उणे २, शून्य आणि २. मग त्यांचे वर्ग, वर्गांची बेरीज ८, भागाकार, वर्गमूळ. दोन मिनिटांत गणित संपतं आणि बघणाऱ्याची मान डोलते, कारण प्रत्येक पायरी पटलेली असते. आता व्हिडिओ बंद करून तेच गणित कोऱ्या कागदावर मांडा. वर्ग का करायचे? भागायचं कशानं, तीननं की दोननं? इथं पेन थांबतं. वर्ग केले नाहीत तर उणे २ आणि अधिक २ एकमेकांना खाऊन टाकतात आणि बेरीज शून्य होते. सर हे बोललेले असतात, आपण ऐकलेलंही असतं. भागाकाराचंही तसंच. या तीन संख्या म्हणजेच सगळी माहिती असेल तर तीननं भागायचं, उत्तर सुमारे १.६३. त्या मोठ्या गटातून काढलेला नमुना असतील तर दोननं, उत्तर बरोबर २. परीक्षेत प्रश्न नेमका यावरच येतो. पेन जिथं थांबलं तिथून पुढचं आपल्याला येत नाही, हे कागदानं पाच मिनिटांत दाखवलं. व्हिडिओ चार वेळा पाहूनही ते दिसलं नसतं.

वर्गात ही थांबण्याची जागा आपोआप मिळते. बाई फळा पुसतात, मध्येच कुणाला तरी उभं करतात, शेजारचा 'हे कसं आलं?' विचारतो. घरी व्हिडिओ कुणासाठी थांबत नाही, म्हणून थांबवायचं काम विद्यार्थ्यानं स्वतः करायचं.

हार्वर्ड विद्यापीठात डॅनियल शॅक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं ऑनलाइन व्याख्यान त्यांनी चार तुकड्यांत दाखवलं. काही विद्यार्थ्यांना प्रत्येक तुकड्यानंतर त्याच भागावर छोटी चाचणी दिली, बाकीच्यांना दिली नाही. चाचणी देणाऱ्यांचं लक्ष भरकटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. त्यांनी नोंदीही जास्त घेतल्या आणि शेवटच्या परीक्षेत त्यांना जास्त आठवलं. व्याख्यान आणि स्क्रीन दोन्ही गटांना सारखीच होती, हे पालकांनी ध्यानात घ्यावं.

त्याआधी २००६मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्री पाणमांजर या विषयांवरचे छोटे उतारे वाचायला दिले होते. एका पद्धतीत उतारा पुन्हा वाचायचा, दुसऱ्या पद्धतीत तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा पाहिल्या-वाचल्यानं 'येतंय' असं वाटतं ते त्या संध्याकाळपुरतं खरंही असतं, म्हणूनच मुलं फसतात.

आता 'स्वयम्' या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या एनपीटीईएल अभ्यासक्रमांची रचना बघा. ठरलेल्या आठवड्यांचा पाठ, दर आठवड्याला असाइनमेंट आणि शेवटी केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा. असाइनमेंटला २५ टक्के वजन, परीक्षेला ७५. असाइनमेंट सोडवताना व्हिडिओ शेजारी उघडा ठेवता येतो, परीक्षेला तो नसतो. उत्तरं मित्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून घेतली तर हातात येणारे गुण त्या २५मधले, आणि ज्या सरावावर ७५ अवलंबून आहेत तो सरावच बुडतो. हा व्यवहार तोट्याचा आहे.

मग करायचं काय? व्हिडिओ साधारण पाच-सहा मिनिटं चालू द्या, किंवा एक मुद्दा संपेपर्यंत. थांबवा. फोन पालथा ठेवा. वहीत, न बघता, काय कळलं ते तीन-चार ओळींत लिहा, गणित असेल तर ते पुन्हा मांडा. अडलं तर आधी अडलेली जागा प्रश्न म्हणून लिहा, मगच मागे जा. स्लाइड उतरवून घेत बसू नका, त्या बहुधा पीडीएफमध्ये मिळतात. इंग्रजीतला उच्चार कळला नाही तर व्हिडिओचा लेखी मजकूर मिळतो का ते पाहा. एनपीटीईएलच्या काही अभ्यासक्रमांचा असा मजकूर मराठीतही उपलब्ध आहे. आणि दुसऱ्या दिवशी नवीन व्हिडिओ लावण्याआधी कालच्या मुद्द्यांपैकी काय आठवतं ते कोऱ्या कागदावर उतरवा. हे शेवटचं काम सगळ्यात जास्त टाळलं जातं, आणि एकच सवय लावायची असेल तर हीच लावा, असं मी सांगेन.

वीस मिनिटांचा व्हिडिओ असा पाहिला तर चाळीस मिनिटं लागतात. म्हणून दिवसाला चारऐवजी दोनच व्हिडिओ धरा. दुप्पट वेगानं पाहून वेळ वाचवण्याचा मोह मला समजतो. उजळणीला तो वेग चालेल. नवा मुद्दा पहिल्यांदा ऐकताना वेग वाढवू नये.

पालकांना एक विनंती. मुलगा फोन पालथा ठेवून छताकडे बघत बसलेला दिसला तर लगेच 'झाला का अभ्यास?' म्हणून हाक मारू नका. कदाचित त्या मिनिटाला तो खरा अभ्यास करत असेल. आणि रात्री जेवताना 'किती व्हिडिओ झाले?' असं विचारण्याऐवजी 'आज काय शिकलास, मला सांग बरं,' असं विचारा. विषय तुम्हाला यायलाच हवा असं नाही. आईला समजेल अशा शब्दांत प्रमाण विचलन सांगताना त्याची जी धांदल उडेल, तीच त्याची त्या दिवसाची चाचणी.

पुढच्या लेखांकात एकाच फोनवर दोन भावंडांचा अभ्यास कसा बसवायचा ते पाहू. तोवर या आठवड्यातला एक तरी व्हिडिओ वही उघडी ठेवून, थांबत थांबत पाहा.