बहुमजली इमारतीत घर घेताना: जे नंतर बदलता येत नाही, ते आधी तपासा

कोहका आणि भिलाईच्या इतर वस्त्यांमध्ये भाड्याने राहणाऱ्या, स्वतःची जागा नसलेल्या कुटुंबाला योजनेतून घर मिळते ते बहुधा इमारतीतला फ्लॅट म्हणून. या इमारती बांधण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत बदलली आहे. रंग, फरशी, ओटा हे पुढे सवडीने बदलता येते. भिंत, खिडकी, मजला आणि घराची दिशा मात्र जशी मिळाली तशीच राहते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे, हे या लेखात सांगितले आहे.

योजना थोडक्यात

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा, म्हणजे शहरी २.०, १ सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. छत्तीसगडमध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधण्याचा भाग ‘मोर जमीन मोर मकान’ या नावाने, तर भाडेकरूंना इमारतीत घर देण्याचा भाग ‘मोर मकान मोर आस’ या नावाने ओळखला जातो. केंद्राच्या भाषेत या दुसऱ्या भागाला ‘भागीदारीत परवडणारी घरे’ म्हणतात.

शहरी २.० मध्ये या घटकासाठी मुख्य अटी अशा आहेत:

- कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असावे.
- देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्के घर नसावे.
- मागील २० वर्षांत कोणत्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा.
- घर कुटुंबातील महिलेच्या नावावर किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असावे. कुटुंबात प्रौढ महिला नसेल तरच ते पुरुषाच्या एकट्याच्या नावावर होते.

छत्तीसगडसारख्या राज्यात प्रत्येक घरामागे केंद्राचे १.५० लाख आणि राज्याचे किमान १ लाख रुपये साहाय्य आहे. सरकारी यंत्रणेने बांधलेल्या प्रकल्पात ही रक्कम तुमच्या खात्यात येत नाही. ती घराच्या किमतीत वळती होते. उरलेली रक्कम तुम्हाला भरायची असते.

१. भिंती: कोणती तोडता येते, कोणती नाही

जुन्या पद्धतीत आधी कॉलम, बीम आणि स्लॅब उभे राहतात, मग मधल्या भिंती विटांनी भरतात. अशा घरात इमारतीचा भार कॉलम आणि बीमवर असतो. नव्या पद्धतीत अ‍ॅल्युमिनियमचे किंवा बोगद्यासारखे शटरिंग लावून भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटने ओततात. काम लवकर होते आणि प्लास्टर कमी लागते. केंद्राच्या ज्या सहा ‘लाइट हाउस’ प्रकल्पांची पायाभरणी १ जानेवारी २०२१ रोजी झाली, त्यांपैकी राजकोटची १,१४४ घरे अशाच बोगदा-शटरिंगने बांधलेली आहेत. नव्या तंत्राने घरे बांधल्यास शहरी २.० मध्ये वेगळे अनुदानही आहे. त्यामुळे अशा इमारती पुढे जास्त दिसतील.

एकसंध ओतलेल्या इमारतीत जवळजवळ प्रत्येक भिंत भार पेलते. तळमजल्यावर दुकानासाठी भिंत फोडणे, दोन खोल्या एक करणे, कूलरसाठी भिंतीत मोठे भोक पाडणे यामुळे वरच्या सगळ्या घरांना धोका होतो. वायरिंग आणि नळही भिंतीच्या आत असतात. म्हणून प्रकल्पाच्या अभियंत्याला सरळ विचारा: “ही इमारत कॉलम-बीमची आहे की भिंत-स्लॅब एकसंध ओतलेली?” कूलर कुठे बसेल आणि पंख्याचे व फ्रिजचे पॉइंट कुठे आहेत, हेही तेव्हाच पाहून घ्या.

२. खिडक्या: उघडते तेवढीच हवा

भिलाईत मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. लहान घरात हवा खेळली नाही तर वीजबिल वाढते आणि म्हातारी माणसे व लहान मुले हैराण होतात. केंद्राने २०१८ मध्ये ‘इको-निवास संहिता’ आणली. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी ती केली आहे. मिश्र हवामानाच्या प्रदेशात घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १२.५ टक्के जागा बाहेर उघडणारी असावी, असे ती सांगते. उष्ण-कोरड्या प्रदेशात हे प्रमाण १० टक्के आहे. खिडक्या, झरोके आणि बाल्कनीकडे उघडणारे दार यांची जागा त्यात धरतात.

हिशेब सोपा आहे. घर ३० चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट असेल, तर साडेबारा टक्क्यांनी सुमारे ४० चौरस फूट जागा उघडणारी हवी. चार बाय चार फुटांची खिडकी पूर्ण उघडली तर १६ चौरस फूट होते. तीच दोन पल्ल्यांची सरकती असेल तर निम्मीच, म्हणजे ८ चौरस फूट उघडते. नमुना घर पाहताना खिडक्या उघडून मोजा. समोरासमोर दोन बाजूंना खिडक्या असतील तर हवा आरपार जाते.

३. मजला आणि दिशा

पश्चिमेकडच्या भिंतीवर दुपारनंतरचे ऊन पडते आणि रात्री उशिरापर्यंत खोली गरम राहते. त्या बाजूच्या खिडकीवर छज्जा आहे का, ते पाहा. सर्वात वरच्या मजल्यावर गच्चीचा स्लॅब तापतो, म्हणून गच्चीवर उष्णतारोधक थर किंवा पांढरा लेप दिला आहे का, हे विचारा.

कमी उंचीच्या इमारतींत बहुधा लिफ्ट नसते. कोणाला कोणता मजला मिळेल हे सहसा सोडतीने ठरते. पण दिव्यांग व्यक्ती किंवा ज्येष्ठ नागरिक असलेल्या कुटुंबांना तळमजला किंवा खालचा मजला देण्यात प्राधान्य द्यावे, असे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ही बाब सोडतीआधीच अर्जात लिहा, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा वयाचा दाखला जोडा आणि पोच घ्या.

४. क्षेत्रफळ: चटई क्षेत्रच विचारा

शहरी २.० मध्ये या घटकातील घर ३० ते ४५ चौरस मीटर चटई क्षेत्राचे असते. रेरा कायद्यानुसार (२०१६) चटई क्षेत्रात घरातील वापरता येणारी जागा आणि आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची त्यात धरत नाहीत. ‘बिल्ट-अप’ किंवा ‘सुपर बिल्ट-अप’ आकडा यापेक्षा मोठा असतो, म्हणून कागदावर चटई क्षेत्र लिहिलेले असल्याची खात्री करा.

५. सामायिक सोयी आणि दरमहा खर्च

पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे, लिफ्ट आणि टाकीची सफाई यांचा खर्च घर मिळाल्यानंतर रहिवाशांवर येतो. हप्त्यासोबत ही रक्कमही दरमहा द्यावी लागेल, हे धरूनच हिशेब करा. खर्च कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे गच्चीवर सौर पॅनेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहसंकुलांच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. त्यासाठी रहिवाशांची संस्था असणे उपयोगी ठरते.

६. ताबा घेताना हे तपासा

- सर्व नळ सोडून पाहा; बाथरूममध्ये पाणी नहाणी ट्रॅपकडे वाहते का?
- छताला आणि बाथरूमलगतच्या भिंतींना ओल आहे का?
- प्रत्येक दार-खिडकी नीट उघडते, बंद होते का?
- खोल्यांची मापे टेपने घ्या आणि वाटपपत्राशी जुळवा.
- दोष दिसल्यास ताबापत्रावर लिहून सही करा आणि त्याचा फोटो ठेवा.

रेराखाली येणाऱ्या प्रकल्पात ताब्यानंतर ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष लक्षात आणून दिल्यास, बांधणाऱ्याने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्या. दाद मिळाली नाही तर रायपूर येथील छत्तीसगड रेरा प्राधिकरणाकडे जाता येते. भिंत तुम्ही स्वतः फोडली असेल, तर ही जबाबदारी बांधणाऱ्यावर टाकता येणार नाही.

अर्ज कुठे करावा?

भिलाई नगर निगमचे कार्यालय, जवळचे चॉइस सेंटर किंवा योजनेचे अधिकृत संकेतस्थळ येथे अर्ज करता येतो. कुटुंबातील सर्वांचे आधार, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्याचा तपशील सोबत ठेवा. पैसे फक्त अधिकृत खात्यात भरा आणि पावती घ्या. घर ‘लावून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला रोख रक्कम देऊ नका.