पर कुजणे (माशांचा रोग)

पर कुजणे हा काचेच्या टाकीत पाळल्या जाणाऱ्या शोभिवंत माशांमध्ये वारंवार आढळणारा जीवाणूजन्य विकार आहे. इंग्लिशमधील 'फिन रॉट' या नावानेही तो मत्स्यपालकांमध्ये ओळखला जातो. या विकारात माशाच्या परांच्या कडा प्रथम पांढरट होतात, नंतर झिरमिळ्यांप्रमाणे फाटतात व हळूहळू झडू लागतात. फायटर, गोल्डफिश, गप्पी, मोली व एंजल या लोकप्रिय जातींमध्ये, विशेषतः लांब व झुबकेदार परांच्या वाणांमध्ये, तो अधिक दिसतो. वेळीच उपाय झाल्यास पर पुन्हा वाढतात. मात्र संसर्ग परांच्या मुळापर्यंत व तेथून शरीरात पोहोचल्यास मासा दगावतो.

कारणे

एरोमोनास, स्यूडोमोनास व फ्लेव्होबॅक्टेरियम या प्रजातींतील जीवाणू या विकारास मुख्यतः कारणीभूत असतात. हे जीवाणू निरोगी टाकीतील पाण्यातही असतात. माशाच्या अंगावरील बुळबुळीत श्लेष्मल आवरण व त्याची प्रतिकारशक्ती शाबूत असेपर्यंत ते सहसा अपाय करू शकत नाहीत. म्हणून पर कुजणे हे बहुधा मूळ दुखणे नसून बिघडलेल्या परिस्थितीचे लक्षण मानले जाते.

परिस्थिती बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण अमोनिया हे आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न व विष्ठा कुजल्यानेही तो निर्माण होतो. गाळणयंत्रात वाढणारे उपयुक्त जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे टाकी आणल्याच्या दिवशीच तीत अनेक मासे सोडल्यास पहिल्या महिन्यातच पर कुजू लागतात.

टाकीतील दाटी, अतिरिक्त खाद्य, माशांनी एकमेकांचे पर चावणे, प्लास्टिकच्या वनस्पतींच्या टोकदार कडांनी झालेल्या जखमा व प्रवासाचा ताण ही इतर कारणे होत.

लक्षणे

परांच्या कडांवर पांढरी किंवा दुधी रेघ दिसणे हे आरंभीचे लक्षण आहे. त्यानंतर परांतील अरांमधला पातळ पडदा फाटतो व अर उघडे पडतात. पराच्या मुळाशी लाली येणे हे संसर्ग वाढल्याचे चिन्ह आहे. मासा पर मिटून एका कोपऱ्यात राहतो, खाणे कमी करतो व सुस्तावतो. संसर्ग शरीरात पसरल्यास अंगावर व्रण पडतात, पोट फुगते किंवा खवले उभे राहतात.

निदान

घरगुती पातळीवर निदान मुख्यतः निरीक्षणावर आधारित असते. काही अवस्था वरकरणी सारख्या दिसत असल्या तरी त्यांचे उपाय भिन्न असतात.

चावलेला पर अर्धगोलाकार व स्वच्छ तुटलेला असतो. त्याची कडा पांढरी किंवा लाल नसते. कापसासारखे पुंजके दिसल्यास सॅप्रोलेग्नियासारख्या बुरशीसदृश जीवांची शक्यता असते. मिठाच्या कणांसारखे सुटे पांढरे ठिपके हे पांढरे ठिपके या परजीवीजन्य रोगाचे लक्षण आहे. तोंडावर किंवा पाठीवर करडा-पांढरा पट्टा पडून मासा एक-दोन दिवसांत मरत असल्यास तो कॉलम्नॅरिस हा वेगाने पसरणारा रोग असू शकतो. कॉलम्नॅरिसचे जीवाणू उबदार पाण्यात अधिक आक्रमक होतात. त्यामुळे अशा वेळी हीटर लावून पाण्याचे तापमान वाढवण्याचा रूढ उपाय हानिकारक ठरतो.

मुंबई उपनगरांतील पाणी व हा विकार

अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर या उपनगरांना महानगरपालिकेकडून होणारा पुरवठा मुख्यतः भातसा, वैतरणा, तानसा इत्यादी जलाशयांचा आहे. भांडुप संकुल व पांजरापूर येथील केंद्रांत हे पाणी शुद्ध करून त्यात क्लोरीन मिसळला जातो. पिण्यासाठी आवश्यक असलेला हा क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो व गाळणयंत्रातील उपयुक्त जीवाणूंनाही मारतो. गृहनिर्माण संस्थेच्या टाक्या ब्लीचिंग पावडरने धुतल्यानंतर येणाऱ्या पाण्यात त्याचे प्रमाण अधिक असू शकते. असे पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवून किंवा सोडियम थायोसल्फेट असलेले क्लोरीनरोधक द्रावण घालून मगच वापरावे लागते.

पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या जलाशयांचे हे पाणी मृदू असते, म्हणजे त्यात आम्ल शोषून घेणारे क्षार कमी असतात. जुन्या टाकीत अमोनियाचे रूपांतर होताना आम्ल तयार होत राहते व हे क्षार संपतात. मग सामू घसरतो, उपयुक्त जीवाणूंचे कार्य मंदावते व अमोनिया साचतो. आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांशी कमी विषारी रूपात असतो. परंतु अशा टाकीतील बरेचसे पाणी एकदम बदलल्यास सामू झटकन वाढतो. सामू एका अंकाने वाढला की विषारी रूपातील अमोनियाचे प्रमाण सुमारे दहा पट होते. अनेक आठवडे दुर्लक्षित टाकी एकाच दिवशी पूर्ण स्वच्छ केल्यावर मासे मरतात, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. अशा टाकीतील पाणी दररोज 10 ते 15 टक्के याप्रमाणे टप्प्याटप्प्याने बदलणे सुरक्षित असते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी याउलट कठीण किंवा मचूळ असू शकते. म्हणून पाण्याचा स्रोत अचानक बदलू नये.

एप्रिल-मे महिन्यांत घरातील टाकीचे पाणी 30 अंश सेल्सिअसच्या वर जाते. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, तर माशांची प्राणवायूची गरज वाढते. वीज गेल्यास गाळणयंत्रही थांबते. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई महानगर प्रदेशात मोठ्या प्रमाणावर वीजपुरवठा खंडित झाला होता. अशा प्रसंगी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप उपयोगी पडतो.

उपचार

उपचाराचा क्रम महत्त्वाचा असतो. पाणी न सुधारता दिलेले औषध क्वचितच टिकाऊ परिणाम करते.

पहिली पायरी पाण्याची चाचणी ही आहे. अमोनिया व नायट्राइट शून्य असावेत. नायट्रेट प्रतिलिटर 40 मिलिग्रॅमच्या खाली असावे. सामू नेहमीसारखा असल्यास 25 ते 30 टक्के पाणी दररोज किंवा एक दिवसाआड बदलावे, तळाचा गाळ नळीने ओढून काढावा व खाद्य कमी करावे. गाळणयंत्रातील स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. सौम्य विकारात एवढ्यानेच एक-दोन आठवड्यांत परांची झीज थांबते.

दुसरी पायरी मीठ ही आहे. प्रतिलिटर 1 ते 3 ग्रॅम शुद्ध मीठ थोड्या पाण्यात विरघळवून एक-दोन दिवसांत हळूहळू मिसळतात. 60×30×30 सेंटिमीटरच्या टाकीत काठोकाठ 54 लिटर पाणी मावते. वाळू व दगडांमुळे प्रत्यक्षात ते कमी असते, हे मोजमापात धरावे लागते. पाण्याची वाफ झाली तरी मीठ टाकीतच राहते, म्हणून केवळ बदललेल्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे. कोरिडोरास हे मार्जारमीन, काही टेट्रा मासे व बहुतेक पाणवनस्पती यांना मीठ सोसत नाही. त्यामुळे आजारी मासा वेगळ्या टाकीत ठेवून हा उपाय करणे श्रेयस्कर असते.

तिसरी पायरी प्रतिजैविकांची आहे. पर मुळापर्यंत झडत असल्यास किंवा अंगावर व्रण पडल्यास त्यांचा विचार केला जातो. या विकाराचे जीवाणू ग्रॅम-ऋण असल्याने त्यांवर परिणामकारक असे कॅनामायसिन किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिन यांसारखे औषध निवडले जाते. ऑक्सिटेट्रासायक्लिन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी बद्ध होते. त्यामुळे बोअरवेलच्या कठीण पाण्यात त्याचा प्रभाव घटतो. औषध चालू असताना गाळणयंत्रातील सक्रिय कोळसा काढून ठेवावा लागतो, कारण तो औषध शोषून घेतो. मिथिलीन ब्ल्यू हे निळे द्रावण मुख्यतः बुरशीसाठी उपयोगी असून ते गाळणयंत्रातील जीवाणूंना व वनस्पतींना हानी पोहोचवू शकते.

प्रतिजैविकाचे प्रमाण व कालावधी पशुवैद्य किंवा मत्स्यरोगतज्ज्ञ यांच्या सल्ल्याने ठरवावा. अंदाजाने दिलेली अल्प मात्रा किंवा अर्ध्यावर सोडलेला उपचार यांमुळे औषधांना दाद न देणारे जीवाणू बळावतात. औषधयुक्त पाणी तलावात किंवा नाल्यात ओतणेही टाळावे. अंधेरी पश्चिमेतील वर्सोवा येथील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत जलचरांच्या आरोग्यविषयक शिक्षण व संशोधन चालते. ही संस्था 1961 साली स्थापन झाली असून 1989 साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

बरे होणे

परांच्या कडेला पारदर्शक, पातळ व अखंड पडदा दिसू लागणे हे सुधारणेचे चिन्ह आहे. ही नवी वाढ पांढरट दिसत असल्याने ती पुन्हा झालेला संसर्ग समजून औषध वाढवण्याची चूक होते. संसर्गाची कडा धूसर व असमान असते, तर नवी वाढ काचेसारखी स्वच्छ असते. पर पूर्ववत होण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. अर मुळासकट नष्ट झाल्यास तो भाग बहुधा पुन्हा वाढत नाही.

प्रतिबंध

बाजारातील बरेच शोभिवंत मासे चेन्नईतील कोळत्तूरसारख्या केंद्रांतून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून येतात. प्रवासाने ते थकलेले असतात. नवीन मासे दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत. दर आठवड्यास 20 ते 25 टक्के पाणी बदलणे, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य देणे व दाटी टाळणे हे प्रमुख प्रतिबंधक उपाय आहेत. गोल्डफिशसाठी काचेचा लहान गोल वाडगा अपुरा ठरतो.

मानवी आरोग्य

एरोमोनास व मायकोबॅक्टेरियम मॅरिनम यांसारखे काही जलजीवाणू माणसाच्या जखमेतून त्वचेत शिरू शकतात. हातावर जखम असल्यास टाकी स्वच्छ करताना रबरी हातमोजे वापरावेत व नंतर हात साबणाने धुवावेत.

हे सुद्धा पहा

मत्स्यालय
गोल्डफिश
नायट्रोजन चक्र
प्रतिजैविक